वर्कशॉप बंद, रोबोट चालू: २०१५ च्या बर्फातल्या नोंदी

बॉस्टनच्या पश्चिमेला एका गावातल्या हायस्कूलच्या रोबोटिक्स टीमचा मी मेंटॉर आहे, मेकॅनिकल बाजू बघतो. स्पर्धा एफआरसी, म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन. जानेवारीच्या सुरुवातीला खेळ जाहीर होतो आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे साडेसहा आठवड्यांत १२० पौंडांपर्यंतचा रोबोट बनवून पिशवीत सील करायचा (पिशवीचा नियम २०१९ पर्यंत होता). २०१५ मध्ये त्यातल्या शेवटच्या तीन आठवड्यांत न्यू इंग्लंडवर एकामागोमाग एक वादळं आली. नोंदी त्या त्या दिवशीच्याच आहेत, फक्त शुद्धलेखन जरा सावरलंय आणि पोरांची नावं काढली आहेत. थंड प्रदेशात कोणी टीम चालवत असेल तर कामाला येतील. बर्फ नसेल पण वर्कशॉप दुसऱ्याच्या ताब्यात असेल तरीही येतील.

३ जानेवारी, शनिवार

किकऑफ झाला. खेळाचं नाव रीसायकल रश. राखाडी टोट, म्हणजे प्लास्टिकचे खोके, एकावर एक रचायचे, वर हिरवा रीसायकलिंगचा डबा, डब्यात पूल नूडल, म्हणजे पोहताना वापरतात ती फोमची लांब नळी. टोटला २ गुण, डब्याला तो जितक्या उंचीवर असेल त्या प्रत्येक थराचे ४, नूडल आत असेल तर आणखी ६, म्हणजे सहा टोटची पूर्ण थप्पी ४२ ची. मैदान मधल्या पायरीने दुभागलेलं, समोरची अलायन्स (एकत्र खेळणाऱ्या टीमचा गट) आपल्या बाजूला येऊच शकत नाही, त्यामुळे ढकलाढकली नाही आणि रोबोटभोवतीचे कापडी बंपरही नाहीत. ढकलाढकली आवडणाऱ्या पोरांचा चेहरा पडला, मला मात्र बरं वाटलं कारण बंपर शिवायचं काम दरवर्षी शेवटच्या रात्रीवर येतं.

ठरलं ते असं: फीडर स्टेशनपाशी, म्हणजे जिथून टोट मैदानात येतात तिथे, उभं राहायचं, टोट आत घ्यायचा, एलिव्हेटरने उचलायचा, पुढचा त्याच्या खाली घ्यायचा. कंट्रोलर, म्हणजे रोबोटचा मेंदू, ह्या वर्षी पहिल्यांदाच रोबोरिओ आहे, जुना सीरिओ गेला, म्हणून प्रोग्रामिंगवाल्यांनी जास्त दिवस मागितले आणि दिले.

शेड्यूलच्या खाली एक ओळ: स्नो डेचे (बर्फामुळे शाळा बंद) दोन दिवस धरा. ती मागच्या वर्षीच्या शीटवरून कॉपी झाली होती, त्यावर कोणी विचार केला नव्हता.

१७ जानेवारी, शनिवार

लाकडी प्रोटोटाइपने तीन टोट रचले. एक टोट जवळपास ८ पौंडाचा, सहा म्हणजे ४८, त्यात डबा, आणि हे सगळं रोबोटच्या पुढच्या बाजूला लटकणार, त्यामुळे एलिव्हेटर चाकांच्या मधे घेतला. ड्राइव्ह बेस चालतोय. आपण वेळेत आहोत असं वाटायला लागलंय, जे मला कधीच आवडत नाही.

२५ जानेवारी, रविवार

नॅशनल वेदर सर्व्हिसने ब्लिझर्ड वॉर्निंग दिलंय, सोमवारी रात्रीपासून. दोन ते तीन फूट म्हणतायत.

आमच्याकडचा नियम साधा आहे: शाळा बंद तर सगळं बंद. वर्कशॉपची किल्ली मेंटॉरकडे नसते, ती शाळेच्या माणसाकडे असते, आणि बंद शाळेत पोरांना घेऊन जाणं इन्शुरन्सच्या दृष्टीने कोणालाच परवडत नाही. म्हणजे बर्फ पडल्यावर काय करायचं हा प्रश्नच उरत नाही, जे करायचं ते उद्या दुपारच्या आत. वादळात वेळ जात नाही खरं तर, घरी बसलेल्या पोरांकडे वेळच वेळ असतो, जाते ती खोली. आणि आमचं सगळं एकाच खोलीत आहे.

मग संध्याकाळी फोनवर यादी केली, कोण काय घरी नेणार:
प्रोग्रामिंगवाली पोरगी टेस्ट बोर्ड नेणार. प्लायवूडवर रोबोरिओ, पॉवर डिस्ट्रिब्युशन पॅनल, दोन मोटर कंट्रोलर, एक छोटी मोटर.
बॅटरी आणि चार्जर तिच्याकडेच.
एलिव्हेटरचे डेलरिनचे (टणक प्लास्टिकचे) स्लायडर ब्लॉक आणि त्यांचा अॅल्युमिनियमचा चॅनल माझ्याकडे, माझ्या गॅरेजमध्ये छोटी मिल आहे.
वायरिंगचं सामान, क्रिम्पर (वायरीवर कनेक्टर दाबून बसवायचा पकड), कनेक्टर, लेबलं एका नववीतल्या पोराकडे. त्याला म्हटलं तू फक्त हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बनव, लांबी ड्रॉइंगवरून घे.
कॅडवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करणारे, लॅपटॉप घरी नेतातच.

२६ जानेवारी, सोमवार

शाळा सुटल्यावर लगेच सामान वाटलं. दोन जण आलेच नाहीत, त्यांच्या आईवडिलांनी आधीच घरी नेलं, म्हणून क्रिम्पर शाळेतच राहिला. गव्हर्नरने मध्यरात्रीपासून राज्यभर गाड्या रस्त्यावर आणायला बंदी घातली आहे.

२७ जानेवारी, मंगळवार

बाहेर काही दिसत नाही. वूस्टरला ३४.५ इंच, बॉस्टनच्या लोगन विमानतळावर २४.६. आम्ही दोघांच्या मधे, दार उघडायला आतून ढकलावं लागलं.

टेस्ट बोर्डवाल्या पोरीचा सकाळी मेसेज, "अंकल, बॅटरी उतरली, चार्जर लावलाय पण दिवा लाल पिवळा होतोय." (देशी पोरं मला अंकल म्हणतात, आता बाकीचीही म्हणतात.) मोटर लावून ठेवली होती आणि रात्रभर कोड चालू. मग जुगाड सापडला तो सगळ्यांसाठी लिहून ठेवतो: रोबोरिओला ७ ते १६ व्होल्ट चालतात, नुसता कोड तपासायचा असेल तर जुन्या वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पुरतो, फक्त प्लस मायनस मीटरने बघून घ्या. रेडिओही नको, यूएसबीने लॅपटॉप सरळ जोडता येतो. मोटर मात्र त्यावर अजिबात लावायची नाही. दिवसभर तिने आणि दुसऱ्या एकाने एलिव्हेटरचे लिमिट स्विच (टोकाला पोचल्यावर दाबले जाणारे) बोटाने दाबून दाबून सगळं लॉजिक तपासलं. वर्कशॉपमध्ये असते तर हे काम मेकॅनिकलवाले रोबोट सोडतील तेव्हा, म्हणजे फेब्रुवारीत, झालं असतं.

२८ जानेवारी, बुधवार

शाळा अजून बंद. संध्याकाळी गूगल हँगआउटवर व्हिडिओ मीटिंग ठेवली, सगळ्या टीमची. हँगआउटवर व्हिडिओत दहाच जण मावतात हे तेव्हा कळलं, अकरावा आला की कोणीतरी बाहेर, आणि जे आत होते ते सगळे एकदम बोलत होते. दीड तास गेला, निर्णय शून्य. उद्यापासून सबटीमच्या वेगळ्या मीटिंगा, तीन चार जण, अर्धा तास, शेवटी एकाने काय ठरलं ते लिहायचं.

त्यापेक्षा मोठं नुकसान कॅडमध्ये. असेंब्लीची फाइल ड्रॉपबॉक्समध्ये, दोघांनी आपापल्या घरी एकाच वेळी उघडली, एकाने एलिव्हेटरची रुंदी बदलली, दुसऱ्याने चेन कुठे बसते ते बदललं, आणि सकाळी फोल्डरमध्ये दोन प्रती, दोन्ही अर्ध्या बरोबर. जुळवायला दुपार गेली. कोडसाठी गिटहब आहे तसं सॉलिडवर्क्सच्या फाइलला नाही, म्हणून आता साधा उपाय: ग्रुपवर "एलिव्हेटर माझ्याकडे" असं लिहायचं, काम झालं की "सोडला". गावठी आहे पण त्यानंतर एकदाही प्रती झाल्या नाहीत.

३१ जानेवारी, शनिवार

वर्कशॉप उघडलं. आठवड्यातलं घरचं काम एकत्र आणायचा दिवस.

वायर हार्नेस बसला. क्रिम्पर नसल्यामुळे त्या पोराने नुसत्या वायरी कापून लेबल लावून आणल्या होत्या, इथे येऊन तासाभरात क्रिम्प. लांबी बहुतेक बरोबर निघाली, फक्त तीन ठिकाणी कमी पडली, कारण ड्रॉइंगमध्ये वायर कोपऱ्यातून वळते हे नसतं.

स्लायडर ब्लॉक अडकले. गॅरेजमध्ये मक्खन चालत होते. इथे आणल्यावर पहिल्या तासात ठीक, मग जड, मग जाम. आधी चॅनल वाकलाय वाटलं, मग कचरा शोधला, शेवटी अकरावीतल्या एका पोराने कॅलिपर लावला: गॅरेजमध्ये मोजलेला ब्लॉक इथे चार थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जाड. गॅरेज पस्तीस फॅरनहाइट, वर्कशॉप सत्तर. डेलरिन अॅल्युमिनियमच्या चौपट पाचपट फुगतं, दोन इंचाच्या ब्लॉकला एवढ्या फरकात चार थाऊ, चॅनल फुगणार एक, आणि आम्ही क्लिअरन्स ठेवला होता तीनच. ब्लॉक पुन्हा मिलवर, ह्या वेळी आठ थाऊ क्लिअरन्स. जरा खडखडतो, खडखडू दे. थंड गॅरेजमध्ये कापायचं असेल तर प्लास्टिकचा तुकडा आधी घरात ठेवून गरम करा आणि मोजून लगेच कापा, किंवा निदान फिटिंग जिथे रोबोट वापरायचा त्या खोलीत करा.

२ फेब्रुवारी, सोमवार

परत. आज दीड फुटाच्या आसपास. शाळा बंद, उद्याही बहुतेक बंद. काल सुपर बोल होता, पेट्रियट्स जिंकले, त्यामुळे रविवारी तसंही कोणी आलं नसतं.

आता शेड्यूल फाडून नवं केलं. जुन्यात कामं तारखेप्रमाणे होती. नव्यात दोन रकाने: "खोली लागते" आणि "खोली लागत नाही". प्रत्येक काम एकात टाकायचं. खोली लागते मध्ये आम्हाला वाटलं होतं त्याच्या निम्मंच निघालं. वेल्डिंग, चेन ताणणं, ड्रायव्हिंगची प्रॅक्टिस, पूर्ण वजन करणं. बाकी सगळं कुणाच्या तरी टेबलवर होऊ शकतं, अगदी न्यूमॅटिक्सचं पॅनलही. कंप्रेसर घरी चालवायचा नाही एवढं सांगितलं, टाकीत १२० पीएसआय असतात आणि घरी बघायला मोठं माणूस असेलच असं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

शाळा उघडली, टीम अर्धी. पेट्रियट्सची विजययात्रा बर्फामुळे काल रद्द होऊन आज बॉस्टनला झाली आणि पोरं तिकडे. त्यांना काय बोलणार.

जी आली त्यांनी चेन चढवली. एलिव्हेटर पहिल्यांदा मोटरवर चालला. चार टोट उचलले, पाचव्याला गिअरबॉक्स थबकला. गिअर रेशो बदलायला लागणार, पार्ट मागवला, दोन दिवसांत येईल म्हणतायत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पार्ट आला नाही. ट्रॅकिंगवर "हवामानामुळे उशीर".

पुढचं वादळ शनिवारपासून मंगळवारपर्यंत रेंगाळणार असं दिसतंय. आज मोठा निर्णय: रोबोट शाळेतून बाहेर काढायचा. प्रिन्सिपलकडून ईमेलवर परवानगी घेतली, शाळेची मालमत्ता कुठे आहे ते लिहून दिलं, आणि रात्री एका पालकाच्या व्हॅनमधून रोबोट माझ्या गॅरेजमध्ये. सोबत ड्रिल प्रेस, चॉप सॉ, दोन टूलबॉक्स, टोट, सगळ्या बॅटऱ्या.

अटी ठरवल्या. एका वेळी पाच सहाच पोरं. नेहमी दोन मोठी माणसं, दोघंही फर्स्टच्या युथ प्रोटेक्शनमध्ये स्क्रीनिंग झालेली. गल्लीत पार्किंग नाही, गावाची बंदी आहे, म्हणून आईवडिलांनी सोडायचं आणि न्यायचं. गाडीबंदी असेल किंवा शाळेने रस्त्यांमुळे बंद केलं असेल तर चालत येता येणाऱ्यांनीच यायचं. हे शेवटचं दोन पालकांना आवडलं नाही, लांब राहणाऱ्या पोरांवर अन्याय होतो म्हणाले, आणि त्यांचं बरोबर आहे. लांबच्या पोरांना टेस्ट बोर्ड आणि कॅड दिलं. तरी अन्याय थोडा राहतोच.

७ फेब्रुवारी, शनिवार

रोबोट रात्री थंडगार व्हॅनमधून आला होता, मी हीटर लावून गॅरेज उबदार केलं आणि सकाळी बघतो तर सगळ्या अॅल्युमिनियमवर दव. रोबोरिओच्या डब्यावर थेंब. नशिबाने बॅटरी जोडलेली नव्हती. सुकायला अख्खी सकाळ गेली, पंखा लावून. थंडीतून रोबोट उबेत आणायचा असेल तर थंडीतच त्याला मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, आत आणा, आणि पिशवी आतल्या रोबोटचं तापमान खोलीएवढं झाल्यावरच उघडा. दव पिशवीवर पडतं, आत नाही. काही तास लागतात, तेवढे आधीच धरा.

हीटरबद्दल. इलेक्ट्रिक आहे, १५०० वॅट, म्हणजे १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर. गॅरेजचं सर्किट १५ चं. हीटर चालू असताना चॉप सॉ चालवला की अंधार. दुपारी अनेकदा अंधार झाल्यावर बाथरूमच्या सर्किटवरून जाड एक्स्टेन्शन आणली. एका पालकाने प्रोपेनचा हीटर आणून देतो म्हटलं, नको म्हटलं. बंद गॅरेजमध्ये जळणारं काही नको, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. डिटेक्टर मात्र आहे तो गॅरेजमध्ये हलवला.

८ फेब्रुवारी, रविवार

बॅटऱ्या. हा भाग नीट वाचा.

रात्री बॅटऱ्या गॅरेजच्या फरशीवर, सगळ्या फुल चार्ज, मीटरवर १२.७, १२.८. सकाळी एलिव्हेटरने तीन टोट उचलायला घेतले आणि अर्ध्यात मोटर बंद. सोडलं की परत चालू. परत उचलला, परत बंद. प्रोग्रामरना वाटलं कोड, कारण ड्रायव्हर स्टेशनवर, म्हणजे रोबोट चालवायच्या लॅपटॉपवर, नुसतं आऊटपुट बंद दिसतंय. तासभर कोडमध्ये शोधलं. मग लॉग बघितला: व्होल्टेज ६.३ च्या खाली. रोबोरिओ ६.८ ला आधी आपला ६ व्होल्टचा सप्लाय कमी करतो आणि ६.३ ला सगळी आऊटपुट तोडतो, ब्राउनआउट म्हणतात. जुन्या कंट्रोलरला हे नव्हतं, म्हणून कोणाच्या डोक्यात आलं नाही.

१२.८ दाखवणारी बॅटरी चांगली आहे असं नसतं, लोड नसताना ती काहीही दाखवते. थंडीत लेड अॅसिड बॅटरीचा आतला रोध वाढतो आणि क्षमता घटते, मोठा करंट मागितला की व्होल्टेज धाडकन पडतं. एक पालक म्हणाले काँक्रीटच्या फरशीवर ठेवली म्हणून. तसं काही नाही, फरशी थंड असते एवढाच तिचा दोष.

सगळ्या बॅटऱ्या घरात आणल्या. बायको म्हणाली, "अहो, ह्या देवघराशेजारीच ठेवायच्या होत्या का?" तिथेच प्लग होता. आता पद्धत अशी की बॅटरी घरात चार्ज होते, वापरायच्या आधी दोन मिनिटं बाहेर येते, काम झालं की परत आत. त्याच बॅटरीने दुपारी तेच तीन टोट काहीही न होता उचलले.

एक बॅटरी गेली. शुक्रवारी कोणीतरी उतरलेली बॅटरी गाडीच्या डिकीत विसरलं, ती दोन रात्री बाहेर राहिली. फुल चार्ज बॅटरी बर्फातही गोठत नाही, उतरलेलीचं अॅसिड म्हणजे जवळपास पाणीच असतं, ती वीस फॅरनहाइटच्या आसपासच गोठते. पेटी फुगलेली दिसली. गोठलेली बॅटरी चार्जरला लावायची नाही, फुगलेली तर कधीच नाही. रिसायकलिंगला जाईल. चाळीसेक डॉलर.

९ फेब्रुवारी, सोमवार

शाळा बंद. गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केली. संध्याकाळी सातपासून बॉस्टनच्या लोकल गाड्या, भुयारी गाड्या सगळ्या बंद, उद्या दिवसभरही बंद. आमचा इलेक्ट्रिकलचा मेंटॉर त्याच गाडीने येतो, तो आता फोनवर. त्याला व्हिडिओवर पॅनल दाखवून मेन ब्रेकरची वायर तपासून घेतली, त्याने वायरीच्या टोकाचा एक लूज लग पकडला, मी हातात धरून बघितला होता तरी मला दिसला नव्हता.

गिअरबॉक्सचा पार्ट अजून रस्त्यात. थांबायचं सोडून पोरांनी दुसरा उपाय केला, मोटरकडचा स्प्रॉकेट लहान घातला, स्पेअरमध्ये होता. वेग कमी झाला, पाच टोट उचलले गेले. सहाचा हट्ट सोडा म्हटलं. दोन पोरांनी तोंड वाकडं केलं, त्यांनी कागदावर हिशोब करून दाखवला की सहाव्या टोटने डबाही एक मजला वर जातो म्हणजे २ अधिक ४. हिशोब बरोबर, पण पडलेल्या थप्पीचे शून्य.

११ फेब्रुवारी, बुधवार

नवीन प्रकार: रस्ते ठीक, शाळा तरी बंद, कारण छप्पर. राज्यात ठिकठिकाणी छपरं कोसळतायत, शाळेच्या सपाट छपरावर साठलेला बर्फ फावड्याने उतरवेपर्यंत कोणाला आत सोडणार नाहीत. छपरावर किती फूट आहे त्यापेक्षा त्यात पाणी किती आहे हे महत्त्वाचं, एक इंच पाणी म्हणजे चौरस फुटाला पाच पौंडांहून थोडं जास्त. जिमच्या आकाराला गुणून बघा.

जिम नाही म्हणजे ड्रायव्हिंगची प्रॅक्टिस नाही. गॅरेजमध्ये रोबोट पुढे मागे करायलाही जागा नाही. एका पालकांच्या ऑफिसचं रिकामं गोदाम मिळतंय का बघतोय.

गॅरेजमधल्या कामाची एक गोष्ट: इथे कापायची जागा आणि रोबोटची जागा एकच आहे. चॉप सॉचा कीस रोबोरिओवर उडाला. कंट्रोलरला झाकण आणि टेप आम्ही शाळेत लावायचो नाही कारण तिथे कापायची खोली वेगळी. आता कापायच्या आधी रोबोटवर चादर, आणि कंट्रोलरच्या सगळ्या न वापरलेल्या पोर्टवर टेप. ब्लू लॉकटाइट, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद, तोही थंडीत सुकत नाही, रात्री लावलेले बोल्ट सकाळी हाताने फिरले. लावलेले पार्ट घरात नेऊन ठेवले तेव्हा धरलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

गोदाम मिळालं, पाच तासांसाठी. ड्रायव्हरने थप्प्या रचायचा सराव केला. उरलेल्या सगळ्या संध्याकाळी मिळून जेवढं शिकलो नसतो तेवढं ह्या पाच तासांत कळलं. टोट फीडरमधून तिरका येतो, आमचा इनटेक (टोट आत घेणारा भाग) तो सरळ करत नाही, आणि ड्रायव्हर दर वेळी रोबोट हलवून सरळ करते. म्हणजे इनटेक बदलायला हवा, आणि पिशवी मंगळवारी.

इथे ३० पौंडांचा नियम कामाला आला. स्टॉप बिल्ड डेला रोबोट पिशवीत जातो, पण स्वतः बनवलेले ३० पौंडांपर्यंतचे भाग बाहेर ठेवून स्पर्धेला नेता येतात. नवीन इनटेक आता घाईत बनवायचाच नाही असं ठरवलं. रोबोटवर त्याचे माउंटिंग होल अचूक पाडायचे, जुना इनटेक काढायचा, आणि नवा त्या भोकांवर पुढचे दोन आठवडे बनवायचा. पोरांना हे पटायला वेळ लागला, त्यांना "पूर्ण" रोबोट पिशवीत हवा होता.

१४ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळपासून परत ब्लिझर्ड. दुपारपर्यंत काम केलं. होलसाठी जिग, म्हणजे भोकांचा साचा, बनवला: चौथाई इंची प्लेट, त्यात भोकं, तीच प्लेट रोबोटवर क्लॅम्प करून ड्रिल, तीच प्लेट नंतर इनटेकवर. मोजमाप कागदावर घेतलं असतं तर गॅरेज, गोदाम, शाळा असं तापमान बदलत फिरताना कुठेतरी चुकलं असतं. जिगच्या चार प्रती कापल्या, चार घरांत दिल्या, उद्या कोण अडकेल ते माहीत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

कोणी आलं नाही, कोणी यायचंही नव्हतं. वारा एवढा की खणलेली वाट तासाभरात भरते. कॅडवाल्या पोरीने घरी बसून इनटेकचं ड्रॉइंग पूर्ण केलं.

मी गल्लीतला फायर हायड्रंट मोकळा केला, गावाने सगळ्यांना तसं कळवलंय. रोबोटचं काम नाही पण ह्या आठवड्यांत फावडं मारण्यात जितके तास गेले ते कुठल्याच शेड्यूलमध्ये नसतात. मेंटॉर म्हणजेही घरमालकच, वादळाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका, हे पुढच्या वर्षीच्या शीटमध्ये लिहितोय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

प्रेसिडेंट्स डे, आणि फेब्रुवारीच्या सुट्टीचा आठवडा सुरू. काही कुटुंबं फ्लोरिडाला जाणार होती, त्यातली निम्मी विमानं रद्द झाल्यामुळे इथेच. त्यांचं वाईट वाटलं आणि आपल्याला दोन जास्तीचे हात मिळाले ह्याचा आनंदही झाला, दोन्ही खरं.

पारा शून्य फॅरनहाइटला टेकलाय. गॅरेजमध्ये हीटर असूनही चाळीसच्या वर जात नाही. न्यूमॅटिकची ट्यूब एवढी कडक झाली की फिटिंगमध्ये ढकलताना तिरकी बसली आणि गळायला लागली. ट्यूबची टोकं गरम पाण्यात बुडवून, चौकोनी कापून परत बसवली. गळती थांबली. गिअरबॉक्सचं ग्रीसही घट्ट, पहिली दोन मिनिटं मोटर जास्त करंट खाते, म्हणून आधी लोडशिवाय वर खाली करून घ्या.

गिअरबॉक्सचा पार्ट आज आला. कोणी बॉक्स उघडलाही नाही. लहान स्प्रॉकेटवरच जायचं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पिशवीचा दिवस, मध्यरात्रीपर्यंत. मुदत वाढेल का ह्यावर पोरांची चर्चा आठवडाभर चालू होती, मी म्हटलं वाढली तर बोनस, आपण १७ धरूनच चालायचं.

वजन: इनटेक सोडून ९७ पौंड. बाहेर ठेवायच्या भागांचं वेगळं वजन केलं, इनटेकचे तुकडे आणि एक स्पेअर गिअरबॉक्स मिळून २६. बाथरूममधला वजनकाटा थंडीत वेगवेगळे आकडे दाखवत होता, तोही घरात नेऊन मग वजन. रात्री साडेनऊला रोबोट पिशवीत, टॅगचा नंबर लॉकअप फॉर्मवर, सही दुसऱ्या मेंटॉरची.

पिशवी गॅरेजमध्येच. शाळेत नेत नाही, कारण पुढच्या आठवड्यात शाळा उघडेल की छप्पर परत बंद पाडेल, कोणी सांगावं.

१ मार्च, रविवार

बॉस्टनचा फेब्रुवारीचा आकडा आला, ६४.८ इंच, कुठल्याही महिन्याचा विक्रम.

इनटेक जिगवर तयार आहे. आमची स्पर्धा डिस्ट्रिक्टची, म्हणजे विभागीय पातळीची, आहे, त्यामुळे आधीच्या आठवड्यात पिशवी सहा तासांसाठी उघडता येते, एका वेळी कमीत कमी दोन तास. शाळेत तीन वेगवेगळ्या संध्याकाळी दोन दोन तास घेतले आहेत आणि प्रत्येकीला पर्यायी जागा लिहून ठेवली आहे, गोदाम किंवा गॅरेज.

खर्च, कोणी विचारतंच म्हणून. वादळांमुळे जास्तीचा: हीटर, जाड एक्स्टेन्शन, एक बॅटरी, न वापरलेला पार्ट आणि त्याचं घाईचं शिपिंग, टेस्ट बोर्डसाठी दुसरा मोटर कंट्रोलर. सगळं मिळून ३०० डॉलरच्या आतबाहेर. नोंदणीचे ५००० बघता काहीच नाही. विजेचं बिल मी अजून उघडलेलं नाही.

८ मार्च, रविवार

पिशवी पहिल्यांदा उघडली, शाळेतच. इनटेकची भोकं चारही जुळली, बोल्ट हाताने गेले. टोट सरळ येतोय. दुसऱ्या तासात एलिव्हेटरचा खालचा लिमिट स्विच तुटला, स्पेअर माझ्या घरी, सामान वाटलं होतं त्या यादीत "अजून परत आलं नाही" असा रकानाच नव्हता. आता आहे. क्रिम्पर, जिगच्या दोन प्रती आणि एक चार्जर अजून कोणाच्या तरी घरी आहेत, उद्या ग्रुपवर विचारतो.